तेलाचा फवारा मारूनही गाडी परत गंजते, तेव्हा

"दरवर्षी न चुकता खालून तेल मारतो, तरी दाराखालचा पत्रा गेलाच कसा?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने "दरवर्षी" म्हटलं की मी टॉर्च शोधायला लागतो. स्वतःच्या जुन्या गाड्या आणि मित्रमंडळींच्या बऱ्याच गाड्यांखाली आडवं पडून एक गोष्ट पक्की कळली आहे. तेल बहुतेक वेळा चांगलंच असतं, फक्त नको तिथे पडलेलं असतं. डोळ्यांना दिसणाऱ्या सपाट तळाला तीन-तीन हात, आणि पत्रा जिथून खरोखर सडतो त्या पोकळीत थेंबही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे मी न वाळणाऱ्या तेलकट फवाऱ्यांबद्दल बोलतोय. ते खनिज तेलाचे असतात किंवा लॅनोलिनचे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणचट पदार्थाचे. वाळून कडक होणारं काळं डांबरी किंवा रबरी कोटिंग वेगळं. त्याचा विषय मध्ये येईलच, कारण बऱ्याच भानगडी त्याच्यापासूनच सुरू होतात.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी पुढचा फवारा मारायच्या आधी थांबा.

- दाराखालच्या किंवा मागच्या चाकाजवळच्या शिवणीतून तपकिरी ओघळ येतोय. पुसला की चार दिवसांनी परत हजर.
- दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीच्या ओठाला रंगाचे फोड आलेत.
- तळावरचं काळं कोटिंग बोटाने दाबलं की फुगलेल्या पापडासारखं लागतं, आणि नख घातलं की पापुद्रा निघून खाली ओला गंज दिसतो.
- गाडी सुटताना किंवा ब्रेक मारताना दारात नाहीतर उंबऱ्यात (दारांखालच्या पोकळ पेटीत) पाणी डचमळल्याचा आवाज येतो.
- पायाखालचं कार्पेट कायम दमट, काचांवर आतून वाफ.
- जॅक लावला की खपल्या गळतात.

घाबरवणारी पण निरुपद्रवी लक्षणंही सांगून ठेवतो. ओल्या रात्रीनंतर ब्रेकच्या डिस्कवर दिसणारा केशरी मुलामा पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. सायलेन्सर आणि जाड ओतीव भागांवरचा पातळ तपकिरी थर वर्षानुवर्षं तसाच राहतो. फवारा मारल्यावर एक-दोन दिवस थेंब गळणं आणि गरम सायलेन्सरवर उडालेलं तेल जळून वास येणं, हेही नेहमीचंच. यासाठी कुणाला फोन करू नका.

पहिली तपासणी: निचऱ्याची भोकं

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. मी पाहिलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडलाय.

प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला लहान चिरा किंवा भोकं असतात. दारांच्या खाली लांबीभर जी पोकळ पेटी जाते (कुणी तिला सिल म्हणतं, मी उंबरा म्हणतो) तिलाही तळाशी असतात. काचेवरून ओघळणारं पाणी दारात शिरणारच. दार बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं आणि बाहेर जायला वाट ठेवलेली असते. ती वाट माती, सुकी पानं आणि तेलाच्या राड्याने बुजली की दाराची बादली होते. गंमत म्हणजे बुजवणारा बऱ्याचदा आपला फवाराच असतो. घट्ट लॅनोलिन बाहेरून ओठावर थापलं की भोक बंद, आणि आपण खूश की बाई, कोपरा झाकला गेला.

साफ करायला प्लॅस्टिकची केबल-टाय घ्या. लोखंडी तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, भोकाच्या कडेचा कारखान्यातला रंग खरवडला जातो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. मोकळं झालं की वरून काचेच्या रबराजवळ तांब्याभर पाणी ओता आणि खालून किती वेळात बाहेर येतंय ते बघा. धार यायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर अजून अडकलंय. समोरच्या काचेखालची जाळी आणि छताला खिडकी असेल तर तिच्या नळ्या याच बैठकीत बघून घ्या. कार्पेट ओलं असण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं, तळाच्या पत्र्याचा त्यात काही संबंध नसतो.

दुसरी: चिखल कुठे बसलाय

चाकावरच्या कमानीच्या आतल्या ओठावर बोट फिरवा. डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला लागतं. मूठभर ओला चिखल तिथे बसलेला असेल तर सगळा रस्ता कोरडा झाल्यावरही तो पत्र्याला भिजवत राहतो. प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर चिखल त्याच्या मागे साचतो. दोन-तीन क्लिपा काढून ते वाकवलं की कळतं.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच पुरतं. मीठ असलं की पाणी जास्त चांगली वीज वाहून नेतं आणि काम झपाट्याने होतं. बर्फाच्या रस्त्यांवर टाकलं जाणारं मीठ आणि समुद्राकाठची खारट हवा, दोन्हीचा परिणाम तोच. त्यातही सगळी मिठं सारखी नाहीत. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं, पण रस्त्यावर वापरली जाणारी मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड साधारण ३३ टक्क्यांपासूनच हवेतून पाणी ओढून घेतात. म्हणजे आपल्या दृष्टीने कोरड्या असलेल्या दिवशीही त्यांच्याखालचा पत्रा ओला असतो. अशी गाडी धुतल्याशिवाय उबदार बंदिस्त जागेत ठेवली तर आणखी वाईट. थंडीत गोठून स्वस्थ बसलेली क्रिया उबेत पुन्हा चालू होते.

धुताना भरपूर पाणी आणि कमी दाब. जोराची धार शिवणीत आणि रबरी बुटांत (सांध्यांवरच्या रबरी टोप्यांत) पाणी ठोसते, शिवाय आधीचं तेलही उडवून नेते. मग किमान एक पूर्ण दिवस वाळू द्या, हवा दमट असेल तर दोन. पातळ तेलं थोडं पाणी बाजूला सारतात हे खरं, पण चिखलाच्या थरातून ती पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. तेल चिखलाला लागतं आणि पत्रा आत भिजतच राहतो.

तिसरी: तेल अजून आहे का

पांढरं फडकं घ्या आणि चार जागी पुसा: पुढच्या चाकाच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढे, तळाच्या मधोमध, मागच्या बंपरच्या आत. मधोमध फडकं तेलकट आणि चाकाजवळ कोरडं निघालं तर कोडं सुटलंच. चाक उडवतं ते पाणी आणि वाळू सतत त्याच दोन जागा घासून काढतात.

न वाळणारं तेल म्हणजे टायरसारखी झिजणारी वस्तू. ते मऊ राहतं म्हणूनच शिवणीत सरकतं, ओरखडा पडला तर परत त्यावर पसरतं, आणि मऊ असल्यामुळेच धुतलंही जातं. वर्षातून एकदा पूर्ण आणि चाकांच्या मागे मधल्या काळात आणखी एकदा, असा माझा रिवाज आहे. पूर्ण फवारा ओला किंवा बर्फाचा मोसम सुरू होण्याआधी मारायचा. मोसम संपल्यावर मारणारे बरेच भेटतात. तेव्हा पत्र्यात ओल आणि मीठ दोन्ही भरलेलं असतं, आपण वरून झाकण घालतो.

जाडीचंही पाहा. पातळ तेल केसाएवढ्या फटीत शिरतं पण लवकर जातं. घट्ट लॅनोलिन चाकाजवळ टिकतं पण घट्ट बसलेल्या शिवणीत आत जात नाही. एकाच डब्यावर दोन्ही कामं लिहिलेली असली तरी मी पोकळ्यांत पातळ आणि उघड्यावर घट्ट वापरतो.

चौथी: खाली आधीचं काय आहे

हीच तपासणी लोक सोडून देतात. नखाने खरवडा. नखाला चिकट लागलं तर तेल. मेणबत्तीसारखी साल निघाली तर मेणाचं कोटिंग. कडक, काळं, किंचित दाणेदार असेल तर डांबरी किंवा रबरी.

काळं कोटिंग सगळीकडून घट्ट चिकटलेलं असेल तर चांगलंच आहे, त्यावर तेल मारायला हरकत नाही (डांबरी थोडा मऊ पडू शकतो, एवढंच). पण वर्षं गेली की ते कडक होतं, एखादा दगड लागून तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर येत नाही. बाहेरून तळ काळाभोर आणि ठणठणीत दिसतो. मी एकदा अशाच एका देखण्या तळाला स्क्रू ड्रायव्हरची मूठ सहज टेकवली आणि हाताएवढा पापुद्रा गंजासकट छातीवर पडला. मालक शेजारीच उभा होता, त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

पोकळ वाजणारं, उचललेलं कोटिंग खरवडून काढल्याशिवाय वरून तेल मारणं वाया. आणि इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. उघड्या पडलेल्या पत्र्याला रंग द्यायचा आहे का? द्यायचा असेल तर क्रम असा: सुटा गंज तारेच्या ब्रशने काढणे, गंज-रूपांतरक लावणे, प्रायमर, रंग, आणि सर्वांत शेवटी तेल. रूपांतरकात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, ते गंजाशी संयोग करून स्थिर थर बनवतं. त्याला थेट गंजाशी गाठ हवी. एकदा तेल पडलं की ते शिवणीतून पूर्ण कधीच निघत नाही आणि त्यावर रंग धरत नाही. ज्यांना रंगाचा उटारेटा नको, त्यांनी सुटा गंज काढून सरळ तेल मारावं आणि दरवर्षी मारत राहावं. जुन्या गाडीला मी स्वतः हेच करतो.

पाचवी: पोकळीत तेल पोचलंय का

इथे थोडा वेळ काढा.

उंबरा, दाराचं आतलं पोट, चाकामागचा खिसा, चेसिसच्या पेट्या हे सगळं दोन-तीन पत्रे एकमेकांवर ठेवून, ठिकठिकाणी वेल्ड करून बनवलेलं असतं. कारखान्यात संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग बसवतात, पण एकमेकांना चिकटलेल्या पत्र्यांच्या मधे आणि धारदार कडांवर तो थर पातळच राहतो. त्या फटीत पाणी शिरलं की आणखी एक खोडी सुरू होते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत जवळजवळ नाही. या फरकामुळे आतला पत्रा विजेच्या घटातल्या झिजणाऱ्या टोकासारखा वागतो. म्हणजे जिथे हवा कमी, तिथेच लोखंड जास्त खाल्लं जातं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, फट रुंदावते, आणखी पाणी. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतली गोष्ट शेवटच्या प्रकरणात आलेली असते.

तपासायला फोनला जोडायचा लांब नळीचा छोटा कॅमेरा मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा. उंबऱ्याला आतल्या बाजूने किंवा खालून रबरी बुचं असतात. बूच काढा, नळी सरकवा. चकाकणारा तेलकट पत्रा दिसला तर छान. मऊ तपकिरी भुकटी असेल तर अजून वेळ आहे. थर-थर सुटलेले पापुद्रे किंवा भोकातून येणारा उजेड दिसला तर थेट सातव्या तपासणीकडे जा.

फवारा मारायला साध्या डब्याची आखूड नळी पुरत नाही. टोकाला चहूबाजूंनी भोकं असलेली लांब लवचिक नळी लागते. ती पोकळीच्या शेवटापर्यंत घाला, फवारा सुरू करा आणि सावकाश मागे ओढत या. आधी फवारा सुरू करून नळी आत ढकलली तर तोंडाशी तळं साचतं आणि शेवट कोरडा राहतो. काम झाल्याची खूण सोपी: निचऱ्याच्या प्रत्येक भोकातून तेल ठिबकायला हवं. एखाद्या भोकातून ठिबकत नसेल तर तिथपर्यंत तेल गेलेलं नाही किंवा भोक बंद आहे. दोन्ही कळलं ते बरंच झालं. बुचं परत बसवायला विसरू नका. मी विसरलोय, आणि पुढच्या पावसात त्याच भोकातून उंबऱ्यात पाणी भरलं.

तेल थंड असेल तर तुषार होत नाहीत, गोळे पडतात. डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे हात घालून बसता येईल इतकंच, दाबाचा डबा उकळत्या पाण्यात किंवा शेगडीजवळ नेऊ नका. त्यातला वायू बहुधा ज्वलनशील असतो, म्हणून उघड्यावर काम करा, आजूबाजूला ठिणगी नको. आणि डोळ्यांना गॉगल व सेंद्रिय वाफा आणि तेलाचे तुषार दोन्ही अडवणारा मास्क हवाच. साधा कापडी मास्क तेलाच्या तुषारांना थोपवत नाही.

कुठे मारायचं नाही

ब्रेकच्या डिस्क, पॅड, ड्रम यांच्यावर थेंबही नको. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. सायलेन्सरची नळी, ऑक्सिजन सेन्सर, पट्टे, अल्टरनेटर, रेडिएटर हेही टाळा. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल आणि बॅटरीची पेटी यांच्या आसपास उत्पादकाची पुस्तिका वाचल्याशिवाय काही करू नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर आणि दारांच्या सीलचं रबर फुगतं, मऊ होतं. तेव्हा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी अस्तरं), बूट आणि सीलवर उडालेलं लगेच पुसा.

इंजिनमधून काढलेलं जुनं तेल मारायची जुनी शिफारस अजून फिरते. फुकट असतं, एवढाच तिचा गुण. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं, धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, ते थेंबाथेंबाने जमिनीत जातं, आणि आम्लयुक्त तेलाने गंज रोखायचा हा प्रकार मला कधी कळलाच नाही.

सहावी: ठोकून बघणं

आता गाडीखाली जायचं आहे. जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली शिरू नका. सपाट कडक जमीन, चाकांना ओंडके, आणि वजन पेलणारे स्टँड किंवा रॅम्प. उंबऱ्याच्या कडेला जॅक लावताना पत्रा चुरचुरला किंवा जॅक आत शिरू लागला तर तिथेच थांबा. तपासणीचं उत्तर मिळालेलं आहे.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला थबथब वाजतो. शंका आली तिथे टोच्याने बेताचा दाब द्या. टिकला तर वरवरचा गंज. आत गेला तर पत्रा संपलाय, आणि तुमच्या टोच्याने भोक पडलं म्हणून हळहळू नका, भोक आधीच होतं. वापरलेली गाडी असेल तर बाहेरच्या पॅनलवर छोटं चुंबक फिरवा. पोलादी पत्र्यावर ते एके ठिकाणी चिकटेनासं झालं तर तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. ॲल्युमिनियमच्या पॅनलवर ही चाचणी अर्थातच चालत नाही.

सातवी: इथे तुमचं काम संपतं

काही जागांना तेलाचा उपाय नाही, आणि घरी वेल्डिंग शिकायची ही जागा नव्हे. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेलं असतं ती ठिकाणं, पुढच्या स्प्रिंगचे वरचे खांब, चेसिसच्या पेट्या, सबफ्रेम, उंबरे, सीटबेल्टचे बोल्ट आणि त्यांच्या आसपासचा पत्रा. यांपैकी कुठेही टोच्या आत गेला किंवा पापुद्रे सुटत असतील तर गाडी सांगाड्याचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. वरून पुट्टी, फायबरचा कपडा किंवा काळं कोटिंग मारून देतो म्हणणाऱ्याकडे नको. धडकेत भार या जागांनी घ्यायचा असतो.

ब्रेकच्या आणि इंधनाच्या धातूच्या नळ्या वेगळ्या मोजा. वरचा तपकिरी मुलामा फडक्याने पुसून खाली गुळगुळीत नळी लागली तर तेल लावून लक्ष ठेवता येतं. खड्डे लागले, खवले सुटले किंवा कुठे ओल दिसली तर खरवडत बसू नका, नळी तिथेच फुटू शकते. बदलायला द्या. ब्रेकचं पेडल खाली जात असेल किंवा इंधनाचा वास येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

आणि वेल्डरकडे गाडी देताना पहिलं वाक्य हे बोला: "आतल्या पोकळ्यांत तेल मारलेलं आहे." बाहेरून काहीच दिसत नाही. ठिणगी पडली की उंबऱ्यातलं तेल आणि शेजारचं कार्पेट पेट घेऊ शकतं. त्याला आधी कळलं तर तो जागा साफ करेल, अस्तर काढेल, अग्निशामक जवळ ठेवेल. नवा पत्रा बसल्यावर वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो, म्हणून गाडी घरी आली की त्या पोकळीत नळी पुन्हा घाला. वेल्डिंगनंतर वर्षभरातच तिथे परत गंज आल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत आतून तेल मारायचं राहून गेलेलं असतं.

फवारा झाल्यावर दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाका. कुठे किती ठिबकलं त्याचा नकाशाच त्यावर उमटतो. माझ्या शेवटच्या पुठ्ठ्यावर उजवीकडे चार डाग होते, डावीकडे तीन. चौथं भोक मातीने बंद निघालं.